खिडकीतल्या हिराताई

हिराताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांचे हात तिसऱ्याच कुणाचं तरी काम करत होते. मी खिडकीशी उभी राहून सांगत होते, की मी नगरहून आलेय, तुमच्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणाऱ्या कंपनीकडून. त्या "व्हय का, या की आत" म्हणाल्या, आणि तेवढ्यात बाजूच्या प्रिंटरमधून एक कागद निघून माझ्या मागच्या म्हाताऱ्याच्या हातात गेलासुद्धा. त्या म्हाताऱ्यानं तोंडही उघडलं नव्हतं. मला वाटलं ही काहीतरी हातचलाखी आहे. पुढं आठ दिवस तिथं बसले तेव्हा कळलं, की काम हातांचंच होतं, पण त्यात चलाखी नव्हती.

अकोले तालुक्यातला ट्रस्टचा छोटा दवाखाना. भंडारदऱ्याच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवरून जीपमध्ये कोंबून माणसं येतात, आणि आली की आधी केसपेपरच्या खिडकीत जातात. त्या खिडकीत हिराताई. वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण नववी. सुरुवातीला त्या तिथंच आया होत्या, फरशी पुसायच्या. कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यापुढं बसायला कुणी तयार होईना, कारण बिघडला तर नाव कुणाचं येणार. हिराताई म्हणाल्या, मी बसते. तेव्हापासून खिडकी त्यांची. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि नंतर निदान चार वेळा सांगितलं. "फरशी पुसत हुते तवा मला हाक मारायचे, ए बाई. खिडकीत बसले आन् हिराताई झाले," असं म्हणायच्या आणि पदर नीट करायच्या.

त्यांच्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं झिजून गेली होती. काम संपलं की त्यावर एक धुतलेला पंचा पसरायच्या, भाकरीच्या दुरडीवर टाकतात तसा. मी विचारलं, "ताई, अक्षरं दिसत नाहीत, मग कळतं कसं?" तर म्हणाल्या, "मॅडम, तुमी भाकरी थापता का?" मी म्हटलं, नाही. "मग ऱ्हाऊ द्या. भाकरी थापणारीला सांगितलं असतं." मी राहात्याची आहे हे कळल्यावर तर त्यांना चेव आला. राहात्याकडं पेरूच्या बागा, सपाट रान, पाटाचं पाणी. "सपाटीवरच्या माणसाला डोंगरातली नावं कशी कळायची?" म्हणायच्या, आणि मला काही चुकीचं सांगितलं की "पेरू खा आन् गप बसा" असं दटावायच्या. मी त्यांच्या निम्म्या वयाची, पण "मॅडम" म्हणणं काही त्यांनी सोडलं नाही, आणि दटावणंही सोडलं नाही.

नावांचा प्रकार खरंच अवघड होता. एका करंजवाडीत सहा ठकूबाई. सोमा नऊ, हौसाबाई आठ. जुना प्रोग्रॅम अगदी साधा होता, काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. गाव टाकायचं, नाव टाकायचं, की त्या नावाच्या सगळ्या माणसांची यादी यायची. ज्यानं सगळ्यात आधी केसपेपर काढला तो वर, मग पुढचे. नवा आला तर तळाला. म्हणजे वर असलेल्या माणसाची जागा जन्मात हलायची नाही. हिराताईंना ती जागा पाठ होती. करंजवाडीची सोनाराच्या घराशेजारची ठकू वरून तिसरी. खालच्या आळीची, जिचा लेक एसटीत कंडक्टर, ती पाचवी. माणूस खिडकीत आला, की त्या त्याच्या तोंडाकडं बघायच्या, बोटं आपोआप खालच्या बाणावर, तिसरीसाठी दोनदा, पाचवीसाठी चारदा, मग एन्टर. पडद्याकडं बघायचं कामच नाही.

तो वाचलेला वेळ त्या माणसावर घालवायच्या. "सासूच्या गोळ्या संपल्या असत्याल, त्या न्ह्यायला का न्हाई आला?" "हात का लपवतीस, दाखव, भाजलाय ना?" एक आजोबा पाच वर्षं आपलं वय साठच सांगत आले होते. हिराताई दर वर्षी आपणच एक वाढवायच्या. एकदा त्यांना म्हणाल्या, "तुमचं वय वाढवलंय, पेढे द्या." आजोबा हबकून बघत राहिले. ज्यांना वय माहीतच नाही त्यांना विचारायच्या, थोरला नातू कितवीला आहे, आणि तिथून मागं मोजत यायच्या. डॉक्टर म्हणायचे की हिराताईंनी घातलेलं वय आधारकार्डापेक्षा बरोबर असतं.

एका दुपारी एक तरुण बाई आली आणि नुसतं "डोकं दुखतंय" म्हणाली. हिराताईंनी तिच्याकडं पाहिलं, कागद काढला, आणि उठून बाहेर जाऊन तिला हाताला धरून थेट नर्सकडं नेलं. परत येऊन मला एवढंच म्हणाल्या, "डोकं न्हाई दुखत तिचं." नंतर कळलं की तिला तिसरा महिना होता आणि घरात मारहाण झाली होती. मी त्या वेळी मागच्या स्टुलावर वही घेऊन बसले होते. माझ्या वहीत त्या केसपेपरची वेळ लिहिलेली आहे, एकोणीस सेकंद. दुसरं काही लिहिलेलं नाही.

माझं काम काय, ते सांगते. कंपनीनं नवा प्रोग्रॅम केला होता. पांढरा पडदा, रंगीत चौकोन, माऊस; कीबोर्डवरची जुनी बटणंही चालायची. जुन्या, सरावलेल्या माणसांचा त्यानं गोंधळ होईल का, हे बघायचं आणि अहवाल द्यायचा. त्यातली एक सुधारणा माझी स्वतःची होती. मी सुचवलं होतं, की यादीत सगळ्यात अलीकडं येऊन गेलेला माणूस वर दिसावा. जो नेहमी येतो तो पटकन सापडेल. मीटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलावली, साहेबांनी शाबासकी दिली, आणि मी आठवडाभर हवेत होते. शहाणपणा केला की तो मिरवावासा वाटतो, मीही मिरवला.

चाचणी घेतली ती मागच्या मीटिंगच्या खोलीत. पंखा, गार पाणी, दार लावलेलं. मी दहा खोटी माणसं तयार केली होती, नावं आमच्या ऑफिसातल्या लोकांची. हिराताई चष्मा लावून बसल्या. पहिलंच नाव वाचून म्हणाल्या, "ही माणसं कुणाची?"

"खोटी आहेत ताई. नुसती चाचणीसाठी."

"मग मी बघू कुणाकडं?"

मी हसले. म्हटलं, पडद्याकडं बघा. त्या पडद्याकडं बघत राहिल्या. एकेक नाव बोट लावून वाचलं, माऊस भीतभीत हलवला, दहाच्या दहा बरोबर काढले. वेळ जरा जास्त लागला, पण एक चूक नाही. मी खूश. अहवालाच्या कागदावर प्रश्न छापलेला होता, जुन्या कर्मचाऱ्यांचा गोंधळ होण्याची शक्यता आहे का. मी लिहिलं, नाही. खाली माझी सही, त्याखाली त्यांची. सही करायच्या आधी त्या थांबल्या.

"मॅडम, परीक्षा घ्यायची तर खिडकीत घ्या. बाजाराच्या दिवशी. रांग दारापर्यंत जाती तवा. हितं माझे हात गप बसल्यात."

मी त्यांचं वाक्य ऐकलं. समजलं नाही असंही म्हणता येणार नाही. पण बाजाराला अजून दोन दिवस होते, साहेबांना अहवाल संध्याकाळी हवा होता, आणि लॉजवर आठ दिवस राहून मला घरी जायचं होतं. मी म्हटलं, "हो ताई, ते पण बघू." आणि त्यांनी सही केली. माझ्यावर विश्वास टाकून केली, हे मला आता छातीठोकपणे सांगता येतं. तेव्हा ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

नवा प्रोग्रॅम सोमवारी सुरू झाला. मदतीला म्हणून मी पुन्हा मागच्या स्टुलावर. पहिले तीन दिवस हिराताई पडद्याला चिकटून बसल्या. नाव विचारायच्या, वाचायच्या, माऊस शोधायच्या. रांग हलेना. बाहेर कुरबूर सुरू झाली, "आज हिराताईला काय झालंय?" ट्रस्टचे सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "हिराबाई, जमत नसेल तर सांगा, दुसरं माणूस बघू." त्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसाला नाव विचारलं. दुपारी त्यांनी डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि खुरासणीची चटणी, नेहमीसारखी अर्धी भाकरी मला दिली. स्वतःची तशीच ठेवली.

गुरुवारी बाजार. साडेदहालाच रांग दाराबाहेर. एक पोरगं रडत होतं, कुणीतरी जमिनीवर आडवं झालं होतं. अकराच्या सुमारास करंजवाडीची ठकूबाई खिडकीत आली, सोनाराच्या शेजारची. अंगात ताप, पायावर जखम चिघळलेली. हिराताईंनी वर पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी असं पूर्ण तोंड वर करून कुणाकडं पाहिलं. "अगं ठके, ह्यो पाय कधीचा?" आणि बोलता बोलता बोटं दोनदा खाली, मग एन्टर. प्रिंटर वाजला, कागद गेला.

मी मागं बसून बघत होते. मला आनंद झाला. वहीत लिहिलं, वेग परत आला. काय म्हणावं माझ्या अकलेला.

तिसरी ठकूबाई आता तिसरी राहिली नव्हती. माझ्या सुधारणेनं नावं खालीवर झाली होती. त्या जागेवर खालच्या आळीची ठकू होती, कंडक्टरची आई, आणि कागद तिचा निघाला. सोनाराशेजारच्या ठकूच्या कागदावर वर चौकटीत लिहिलेलं असायचं की तिला अमुक इंजेक्शन सोसत नाही. तो शेरा हिराताईंनीच मागं एकदा डॉक्टरांच्या मागं लागून टाकून घेतला होता. दुसऱ्या ठकूच्या कागदावर चौकट मोकळी. नाव तेच, गाव तेच. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहिलं, नर्सनं दिलं.

तिचा चेहरा सुजला, घसा आवळला, श्वास लागला. डॉक्टर हाताशी होते म्हणून वाचली. दोन दिवस तिथंच ठेवली आणि मग धडधाकट घरी गेली. पण त्या घटकेला कुणाला ते माहीत होतं? आरडाओरडा ऐकून हिराताई खिडकी सोडून धावल्या. कॉटवर पडलेला कागद त्यांनी उचलला, वाचला, आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या. "माझ्या हातानं झालं," म्हणाल्या. "माझ्या हातानं." त्यांना उठवायला दोघी लागल्या.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी बोलावलं. टेबलावर माझा अहवाल. त्यांनी प्रश्न वाचून दाखवला, उत्तर वाचून दाखवलं, दोन्ही सह्या दाखवल्या. मग मला विचारलं, "मॅडम, चाचणीत यांना काही अडचण आली होती का?"

मी म्हटलं, "नाही."

ते खरं होतं. चाचणीत अडचण आली नव्हती. त्यापुढं मला सांगायचं होतं, की या बाईंनी मला बजावलं होतं, ही चाचणी बरोबर नाही. यादीचा क्रम मी बदलला. चूक होते ती यांना येत नाही म्हणून नव्हे, फार येतं म्हणून. जिला जुनं काही ठाऊकच नाही तिच्याकडून ही चूक व्हायचीच नाही. एवढं सगळं माझ्या तोंडात आलं होतं. पण माझी नोकरी नवी, साहेबांचा फोन सकाळीच येऊन गेला होता, कंपनीचं नाव सांभाळ म्हणून. मी गप्प बसले. हिराताईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी बोलेन का, एवढंच बघितलं असावं. मग त्या सेक्रेटरींना म्हणाल्या, "मॅडमचं काय न्हाई. हात माझा चुकला."

त्यांना त्याच दिवशी खाली रेकॉर्डच्या खोलीत पाठवलं. जुन्या केसपेपरचे गठ्ठे बांधायचे, नंबर लावायचे. खिडकीत एक नवी मुलगी बसली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. पडद्याकडं बघून नाव विचारायची, नीट काम करायची. तिची एकही चूक झाली नाही. साहेब म्हणाले, बघ, मी सांगत होतो ना, प्रोग्रॅममध्ये काही दोष नाही.

मला तो क्रम बदलून घ्यायला तीन महिने लागले. काम दहा मिनिटांचं होतं, तीन महिने गेले ते माझ्या भित्रेपणात. रोज ठरवायचे, रोज टाळायचे. शेवटी साहेबांपुढं जाऊन सगळं ओकले. ते चिडले, मग म्हणाले, कर तुला काय करायचं ते, पण तिथं जाऊन फार बोलू नकोस. मी अकोल्याला जाऊन फारच बोलले. सेक्रेटरींपुढं बसून पहिल्यापासून सांगितलं, हिराताईंचं चाचणीच्या दिवशीचं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं. मला रडू आलं, त्याची लाज वाटली नाही. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतंत हो." मग म्हणाले, "ठीक आहे. उद्या बसवून बघू त्यांना. जमलं तर खिडकी त्यांचीच."

त्या रात्री मी शांत झोपले. मला वाटलं, झालं, भरून निघालं.

सकाळी हिराताई वर आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. तीन महिन्यांत बऱ्याच वाळल्या होत्या. मी त्यांना पडदा दाखवला, यादी दाखवली. "ताई, सगळं पहिल्यासारखं केलंय. ज्याची जागा तिथं तो. तुम्ही डोळे मिटून करा." त्यांनी मान हलवली आणि चष्मा लावला.

पहिली आली ती एक म्हातारी, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाची. खिडकीत हिराताईंना पाहून तिचं तोंड फुललं. "आल्या का गं बया परत? लई बरं झालं."

हिराताई पडद्याकडं बघत म्हणाल्या, "नाव सांगा."

म्हातारी हसली. तिला वाटलं थट्टा चाललीय. "आता मला नाव इचारतीस व्हय?"

"पूर्ण नाव. मालकाचं नाव. गावाचं नाव."

म्हातारीनं सांगितलं. हिराताईंनी काचेवर बोट ठेवून यादीतलं एकेक नाव ओठ हलवत वाचलं. कागद निघाला तो वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. मग परत विचारलं, "मालकाचं नाव काय म्हणालात?" म्हातारीनं कागद घेतला, जाताना दोनदा मागं वळून पाहिलं.

दीड तासात बारा कागद. सगळे बरोबर. एकदाही त्यांनी मान वर केली नाही. चहाच्या वेळी मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, "ताई, यादी जुनीच आहे. मी स्वतः तपासलीय, पाचपन्नास वेळा. न बघता चालेल आता."

"ठाऊक हाय."

"मग माणसाकडं का बघत नाही?"

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, एकावर एक. "बघितलं की हात चालत्यात, मॅडम. हात चालले की भ्या वाटतं. ठकीचं सुजलेलं तोंड दिसतं." मग म्हणाल्या, "आन् खाली बघून कागदच काढायचा, तर ती पोरगी काय वाईट काढती?"

मी खूप समजावलं. दोन दिवस बसा, आठवडाभर बसा, मी इथं राहते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाराच्या सुमाराला त्या स्वतःच सेक्रेटरींकडं गेल्या आणि मला खालीच राहू द्या म्हणाल्या. सेक्रेटरींनीही समजावलं म्हणे. त्या फक्त न्हाई म्हणत राहिल्या.

निघायच्या आधी मी रेकॉर्डच्या खोलीत उतरले. खाली खिडकी नाही, एक ट्यूब जळते. त्या जमिनीवर बसून गठ्ठा बांधत होत्या. मी दारातूनच म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. माझी चूक होती. मला माफ करा." तीन महिने घोकलेली ती वाक्यं होती, म्हणताना फार लहान वाटली.

"तुमी बोलला असता तरी कागद माझ्याच हातानं निघाला हुता," त्या म्हणाल्या. सुतळीची गाठ मारली, नंबराची चिठ्ठी खोचली, पुढचा गठ्ठा ओढला.

मी दारातच उभी राहिले. एकदा तरी माझ्याकडं बघतील म्हणून. त्या वरचा कागद उजेडात धरून त्यावरचं नाव वाचत होत्या, मग खालचा, मग त्याच्याही खालचा.

"शेवटची जीप तीनला हाय," खाली बघूनच म्हणाल्या. "सावकाश जा."